मिलकाबाईंचा एकच प्रश्न

मिलकाबाई आठवल्या की मला आधी त्यांची मान आठवते. वर केलेली. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी पनवेलच्या एस.टी. स्टँडवर चहाला थांबली, की या बाई गाडीतल्या माणसांकडे न बघता गाडीच्या टपाकडे बघायच्या. वळकट्या, ट्रंका, करंड्या यांच्यात कुठे वाद्याची पेटी दिसते का, हे शोधत. दिसली की संपलंच! पदर खोचून थेट गाडीत शिरायच्या आणि खणखणीत आवाजात विचारायच्या, "वरची ती पेटी कुणाची?" लोकांना वाटायचं, जकात नाक्यावरून आल्यात. एक गृहस्थ तर घाबरून "माझी नाही" म्हणाले होते, आणि पेटी त्यांचीच निघाली.

माणूस सापडलं की मिलकाबाईंचं पुढचं वाक्य ठरलेलं. "फार वेळ घेत नाही. एकच प्रश्न विचारते."

या बाई काही रिकामटेकड्या नव्हत्या हो. गावच्या दवाखान्यात नर्स होत्या, आणि बाळंतपणात त्यांचा हात धरणारं आमच्या भागात दुसरं कुणी नव्हतं. कामोठ्याहून, उलव्याहून, तळोज्याहून बैलगाड्या यायच्या त्यांना न्यायला. मिठागरावरचा एखादा माणूस दारात उभा राहून म्हणायचा, "बाय, लवकर चला, आमची सून आडलीय, काय समजत नाय." की या निघाल्या. परत आल्यावर चहा पिताना सांगायच्या, "मुलगा झाला. पण रडला ना इंदुताई, तो कुठल्या पट्टीत रडला ते बघायला पेटी हवी होती." असल्या चौकशा. साऱ्या जगाला वाटतं मूल रडलं म्हणजे झालं, यांना पट्टी हवी.

त्या बेने इस्रायली होत्या, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यू. आडनाव रेवदंड्याकडच्या कुठल्याशा गावावरून पडलेलं, पण ते कुणाच्या लक्षात नसायचं. बोलणं, पातळ नेसणं, नारळाच्या रसातली कालवणं, सगळं तुमच्याआमच्यासारखं. फक्त शुक्रवारी दिवेलागणीला त्यांच्या घरी शब्बाथचा दिवा लागला, की शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत कुठल्या कामाला हात लावायचा नाही. चूल नाही, लिहिणं नाही, ओझं उचलणं नाही, वाद्य नाही. दुसऱ्याला सांगून करवून घेणंही नाही. बाळंतपण तेवढं चालायचं. "जीव वाचवायला परवानगी आहे," त्या म्हणायच्या, "बाकी कशाला नाही."

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोघींच्या परसात एक कुडाची भिंत, तीही अर्धी पडलेली. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि गाण्याच्या दोन-चार परीक्षा दिलेल्या, त्यामुळे गाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा तेव्हा पक्का समज होता. तंबोरा घरात होता. त्यामुळेच मी या भानगडीत ओढली गेले.

भानगड होती गिटारची. ती त्यांच्या धाकट्या भावाची, दान्यालची. दान्याल मुंबईला गोदीत नोकरीला होता आणि तिथेच कुठेतरी वाजवायला शिकला. रविवारी घरी आला की संध्याकाळी ओटीवर बसून वाजवायचा, मिलकाबाई गायच्या आणि त्यांची आई पाय हलवत ऐकायची. गाणं एकच. आईनंच दोघांना म्हणून निजवलेलं, तिच्या आईकडून आलेलं, "वारा पडला, होडी निजली" असं काहीसं. चाल साधी, दोन ओळींची. मग आगबोटीतून माणसं इस्रायलला जायला लागली, तसा दान्यालही गेला. तिकडे कुठे शेतावर ट्रॅक्टर चालवत होता म्हणे. गिटार मात्र मागेच राहिली, खुंटीला, आईच्या जुन्या लुगड्याच्या खोळीत.

पुढे आई पडली, कंबरेचं हाड मोडलं, आणि तिनं अंथरूण धरलं. तिला फारसं दिसायचंही नाही. तिनं औषध मागितलं नाही, देव देव केलं नाही. एकच धोशा, "दान्याचं वाजीव."

मिलकाबाईंनी गाणं म्हणून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "ह्ये तुजं. दान्याचं वाजीव." मी बाजाची पेटी नेऊन साथ केली, चांगली सुरेल केली. म्हातारीनं तोंड भिंतीकडे केलं. "नाय. ह्यात दान्या नाय."

त्या दिवशी मिलकाबाईंनी खुंटीवरची गिटार उतरवली. दान्याल शेवटच्या ओळीखाली काहीतरी करायचा, एवढंच त्यांना आठवत होतं. "गाणं तेच असायचं, माझा आवाज तोच असायचा, आणि पोटात एकदम कसंसंच व्हायचं. खड्ड्यातून गाडी गेली की होतं तसं. काय करायचा तो, इंदुताई?"

मला काय माहीत! मी तंबोरा छेडणारी बाई. पण तारा ढिल्या पडलेल्या होत्या, लावायला तर हव्यात, म्हणून मिलकाबाईंनी माझा तंबोरा शेजारी ठेवून त्याच्याबरहुकूम गिटार लावली. पंचम, षड्ज, षड्ज, पुन्हा षड्ज. सहा तारा छान बोलायला लागल्या. मग त्यांनी मुंबईहून कुणाकडून तरी गिटार शिकायचं एक पुस्तक मागवलं, त्यात बोटं कुठं ठेवायची याची चित्रं होती. त्या चित्राप्रमाणे बोटं ठेवायच्या आणि वाजवायच्या, की असा काही आवाज निघायचा म्हणता, आमचं मांजर उठून जायचं. सारा पावसाळा हे चाललं. त्यांना वाटायचं आपली बोटं जाड. रोज रात्री बोटांना खोबरेल लावून ओढायच्या.

ही चूक आमची आम्हाला कधीच कळली नसती. ती कळली स्टँडवर. मिलकाबाई दवाखान्याचं औषधांचं खोकं उतरवून घ्यायला गेल्या होत्या, तेव्हा पुण्याच्या गाडीच्या टपावर त्यांना गिटारची पेटी दिसली. मालक एक गोवेकर, हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवणारा. बाईंनी आपली गिटार कशी लावलीय ते सांगितल्यावर तो हातातला चहा सांडेपर्यंत हसला. "बाय, तुमी गिटारचा तंबोरा केला!" मग त्यानं सांगितलं ते त्या तोंडानं घोकत घरी आल्या: प्रत्येक तार मागच्या तारेचा मध्यम, फक्त एका ठिकाणी गंधार. मी हे ऐकून म्हटलं, हे कसलं वाद्य, याला स्वतःचा सा सुद्धा नाही! मिलकाबाईंचे डोळे मात्र चमकले होते. "म्हणजे सा आपण ठरवायचा, इंदुताई. आज इथं, उद्या तिथं."

तेव्हापासून ते टपाकडे बघणं सुरू झालं.

गाडी थांबायची चहापुरती, तेवढ्यात एक प्रश्न. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा: "दुःख कुठल्या बोटात असतं?" तो माणूस बिचारा गोंधळला. मग त्यानं गिटारच्या दांडीवर आडव्या पट्ट्यांमधली घरं असतात, त्यातलं एक घर एक बोट मागे घेऊन दाखवलं. हसरी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, रडवी झाली. मायनर. घरी येऊन त्यांनी मला वाजवून दाखवलं. मी म्हटलं, "अहो, हा कोमल गंधार. सा, कोमल ग, प. यात काय एवढं?" त्या म्हणाल्या, "एवढंच कसं? तुम्ही एकामागून एक म्हणता. हे तिघं एकदम बोलतात. घरात तिघं एकदम बोलली की काय होतं, बघितलंय ना?"

आईला ऐकवलं. "नाय."

मग वर्षभरात, त्याहूनही जास्त काळात, त्यांनी तसल्या आणखी कॉर्ड जमवल्या. एका व्हायोलिनवाल्यानं खिडकीतून सांगितलं, त्याच मायनरमध्ये कोमल निषाद घाला, त्याला सेव्हन्थ म्हणतात. ती मऊ होती, मलासुद्धा आवडली. एकानं शुद्ध धैवत घालायला सांगितला. मी लगेच म्हटलं, हे शिवरंजनीचे स्वर आहेत, आणि त्यांनी मला दोनदा तो राग म्हणायला लावला. एकानं कोमल गंधाराबरोबर शुद्ध निषाद घालून दिला. अरे देवा! ती कॉर्ड म्हणजे कुणी दारामागे लपून बसल्यासारखी. "ही नको हो," मी म्हटलं, "हिनं झोप लागेल का कुणाला?" त्या म्हणाल्या, "नको कशी? आहे ना ती जगात? मग ती का आहे, ते बघायला नको?"

प्रत्येक वेळी फजिती ठरलेली. एकदा पेटी उघडली तर आत मोजणीवाल्याची दुर्बीण आणि तिकाटणं. एकदा एका शिकारी साहेबाची बंदूक निघाली. एकदा ढोलवाल्यालाच धरून आणलं, तो म्हणाला, "बाई, माझ्याकडे सूर नाही, नुसता मार आहे." त्या दिवशी आम्ही दोघी हसून हसून लोळलो.

पण प्रत्येक नवीन कॉर्ड आईच्या अंथरुणाशी जायची, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच. "नाय. ह्यात दान्या नाय." मिलकाबाईंची बोटं सोलवटून निघाली, कॉर्ड अवघड होत गेल्या, इतक्या की बोटं एकमेकांवर चढायची. त्यांना वाटायचं, अजून एखादी आहे, याहून अवघड, याहून गुंतागुंतीची, ती सापडली की झालं.

आणि आई तर खंगत चालली होती. गणपतीनंतरच्या एका आठवड्यात तिनं अन्न सोडलं. डॉक्टर येऊन बघून गेले आणि मिलकाबाईंना एवढंच म्हणाले, "तुम्हाला मी काय वेगळं सांगू?" त्या शुक्रवारी मी दिवा लागायच्या तासभर आधी तिकडे गेले होते. म्हातारीनं पुन्हा मागितलं, आणि मिलकाबाईंनी पहिल्यांदाच गिटार काढली नाही. मला ओसरीवर येऊन म्हणाल्या, "नुसता हट्ट म्हणून मागते का ती? तिला तो मुलगा भेटायचा नाही, हे तिला कळतंय. गाण्यात तरी भेटावा. तेवढंही जमत नाही मला." मला रडूच आलं. त्या रडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शनिवार. माझ्या बहिणीला पुण्याच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेले, तर गाडीचं इंजिन तापून ती उभीच. सगळे उतारू खाली. आणि बाकावर जाड चष्म्याचा एक माणूस मांडीवर गिटार घेऊन आपल्याशीच वाजवत बसलेला. मी बहिणीला तिथंच टाकली आणि धावत घरी आले.

"चला, मिलकाबाई! गिटारवाला!"

त्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आज शनिवार."

"अहो, ऐकायला काय हरकत?"

त्यांनी जरा विचार केला. "ऐकायला नाही. पण गिटार नेता यायची नाही. त्यानं दिली तरी हातात घेता यायची नाही. लिहून घेता यायचं नाही. आणि त्याला वाजव म्हणून मी सांगायचं नाही."

"मी सांगेन. मला माझी हौस आहे म्हणून."

"तुम्हाला कधीपासून हौस?" त्या म्हणाल्या, पण उठल्या.

स्टँडवर त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि डोळे मिटून घेतले. "बघितलं तर बोटं ऐकायची नाहीत," म्हणाल्या. आजवर त्या नेहमी समोरच्याची बोटं बघायच्या. घरं मोजायच्या, कुठलं बोट कुठं. आज पहिल्यांदा नुसतं ऐकायचं होतं. मी त्या माणसाला म्हटलं, "आमचं एक अंगाईगीत आहे, त्याला साथ कराल का?" आणि मीच म्हणायला लागले. स्टँडवर, भर सकाळी, एका शाळेतल्या बाईनं! माझी एक विद्यार्थिनी आईबरोबर तिथं उभी होती, तिचं तोंड उघडंच राहिलं.

पहिल्यांदा त्यानं नुसतीच मायनर धरली. दुसऱ्यांदा मी शेवटच्या ओळीवर आले आणि पोटात कसंसंच झालं. खड्ड्यातून गाडी गेली की होतं, अगदी तसं. मिलकाबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"इंदुताई," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "खाली कुणीतरी उतरतंय. वरची माणसं जागची हलली नाहीत. एकटाच खालचा जिना उतरतोय."

मी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "हे? ह्याच्यात काय कठीन नाय, बाय. बोटं तशीच ठेवायची. अंगठा मागून वर काढायचा, जाड तारेवर. एक घर खाली, आणखी एक घर खाली, मग उचलायचा, मोकळी तार." मग जरा ओशाळून म्हणाला, "शिकवनारे लोक रागावतात, अंगठा असा धरला तर. आमी चोरून करतो."

मिलकाबाईंचे ओठ हलत होते. "सा," त्या म्हणाल्या. "मग शुद्ध नी. मग कोमल नी. मग ध." डोळे उघडले. "माझ्याकडे होत्या की हो सगळ्या! नुसती मायनर, ती दारामागची, ती मऊ, आणि ती तुमची शिवरंजनी. मी चार वेगळी दुःखं म्हणून जमवत बसले. ती एकच होती, फक्त एक सूर खाली उतरत जातो."

मी गाण्यातली जाणकार! दोन निषाद लागोपाठ, एक शुद्ध, एक कोमल, आणि वरती सगळं ढिम्म. आमच्या गुरुजींनी मला दाराबाहेर काढलं असतं. पण पोटात झालं ते झालंच होतं.

आता प्रश्न असा की संध्याकाळपर्यंत हे टिकायचं कसं? गिटारला हात लावायचा नाही, लिहायचं नाही. आणि आई तर पलंगावर, श्वास मोजत. मिलकाबाई म्हणाल्या, "तुम्ही धरून ठेवा. तुमचा सूर पक्का आहे." म्हणून मग तो दिवसभर मी तांदूळ निवडताना, धुणं वाळत घालताना, मुलांना वाढताना, मधूनमधून कुडाच्या भिंतीशी जाऊन म्हणायचे, "सा, नी, नी, ध." पलीकडून त्यांचा आवाज, "सा, नी, नी, ध." आमच्या यजमानांनी दुपारी विचारलं, "बरं वाटतंय ना तुला?" मी म्हटलं, "शहाणे लोक मध्ये बोलत नसतात." पोरंही मग म्हणायला लागली. सगळं घर जिना उतरत होतं.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. चांदणी दिसेना. मिलकाबाई परसात मान वर करून उभ्या, अगदी स्टँडवर उभ्या राहायच्या तशा. मी म्हटलं, "काळोख झालाय की, काढा ना गिटार." त्या हलल्या नाहीत. शेवटी ढग जरा फाटला, एक दिसली, मग दुसरी. तिसरीसाठी मी माझ्याही देवाला नवस बोलले. ती दिसली तशा त्या आत धावल्या.

मी दारातच थांबले. त्यांनी एक बोट तीन तारांवर आडवं टाकलं, अंगठा मागून वर काढला आणि गाणं सुरू केलं. शेवटच्या ओळीला अंगठा एक घर उतरला, आणखी एक उतरला, मग उचलला. मोकळी तार घुमली. म्हातारीचा पाय हलला. चादरीखाली, जरासाच. मिलकाबाई गात राहिल्या, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला म्हातारीला झोप लागली. शेवटी अंगाईच ती! आम्ही "नाय" ऐकायला बसलो होतो, ते आलंच नाही. पण "हाय" पण आलं नाही. मिलकाबाईंना थांबवेना. मीच जाऊन त्यांच्या हातातून गिटार घेतली.

रविवारी सकाळी मी पेज घेऊन गेले, तर म्हातारी जागी, चेहरा टवटवीत. चमचाभर पेज प्यायली. मग मिलकाबाईंचा हात चाचपून म्हणाली, "काल दान्या आल्ता. बसला, वाजवलान, गेला. तू कुठं व्हतीस?"

मला वाटलं, आता या बाई कोसळणार. इतकी वणवण केली, बोटं फोडून घेतली, आणि आई विचारते, तू कुठं होतीस! मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

"स्टँडवर होते, आई," त्या म्हणाल्या.

"सदा न कदा श्टँडवर," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा निजली. त्याच आठवड्यात ती गेली. समाधानानं गेली, हे मी छातीठोक सांगते.

मिलकाबाई नंतरही स्टँडवर दिसायच्या, टपाकडे बघत. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाल्या, "अहो, तो जिना वर चढला तर काय होतं, ते कुणाला तरी विचारायचंय." पण एकेक करून त्यांच्या समाजातली घरं रिकामी होत होती, माणसं इस्रायलला जात होती, आणि शेवटी त्यांनीही तिकडे जायचं ठरवलं.

त्यांना पोचवायला मी गेले होते. मुंबईची गाडी. कंडक्टर म्हणत होता, "बाई, ती वस्तू वर टपावर टाका." त्या म्हणाल्या, "टपावर टाकायला ती काय वळकटी आहे?" आणि गिटार मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. पेटी नव्हती, तीच लुगड्याची खोळ.

मी म्हटलं, "आता भावालाच विचारा सगळं. हवे तेवढे प्रश्न विचारा."

"छे," त्या म्हणाल्या. "एकच विचारायचाय."

"कुठला? अंगठ्याचा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या डोळ्यांत राग पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला.

"तू कुठं होतास, एवढंच."

घंटी झाली, गाडी हलली. त्यांचा हात खिडकीच्या गजांवर होता. मी बघितलं, वरच्या गजावरचा त्यांचा अंगठा एक गज खाली आला, मग आणखी एक. मी मनातल्या मनात सा, नी, नी म्हटलं. गाडी वळणाशी पोचली तेव्हा त्यांनी अंगठा उचलला. धैवत मी मोठ्यानं म्हटला, आणि शेजारचा हमाल माझ्याकडे बघायला लागला.